तीन वाजताची मंडळी

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. श्टुटगार्ट

दर महिन्याला कर खात्याच्या संगणकावरून बदलांची यादी उतरवून घ्यायची आणि पगाराच्या हिशेबात चढवायची, हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात नीरस काम. कुणाचं लग्न झालं, कुणाला मूल झालं, कुणी घटस्फोट घेतला, सगळं त्या यादीत येतं. धर्माचा रकानाही येतो. प्रोटेस्टंटांना दोन अक्षरं, कॅथलिकांना दुसरी दोन अक्षरं, आणि कर घेणाऱ्या कुठल्याच चर्चचा सभासद नसेल त्याच्या नावापुढे दोन आडव्या रेघा. आज बऱ्याच नावांपुढची अक्षरं जाऊन रेघा आल्या होत्या. नावं इथेही लिहीत नाही, सवयच नाही.

हिशेब सोपा आहे. महिन्याचा आयकर ५०० युरो असेल तर त्यावर ४० युरो चर्चचे. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आणि शेजारच्या बायर्नमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी जर्मनीत ९. कापून घेतं सरकारी कर खातं, चर्चला पोहोचवतंही तेच, आणि या हमालीपोटी दोन ते चार टक्के स्वतःकडे ठेवतं. चर्च सोडायचं तर पाळकाचं तोंडही पाहावं लागत नाही. जन्म-विवाह नोंदवतात त्या सरकारी कचेरीत जायचं, ओळखपत्र दाखवायचं, शुल्क भरायचं, सही करायची. पाळकाला ते नंतर कागदावरून कळतं. मला त्याच सुमारास, पगाराच्या यादीतून.

मी इथे आले तेव्हा पत्ता नोंदवताना धर्म विचारला होता. नगरच्या मंडळीत बाप्तिस्मा झालेली मी, सांगून टाकला. पुढच्याच पगारातून कर कापला गेला. इथल्या मंडळीचं ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं पत्र त्यानंतर आलं.

संध्याकाळी मंडळीच्या नव्या समितीची पहिली बैठक. विषय: लोकांपर्यंत कसं पोहोचायचं. ज्यांच्यापर्यंत पोहोचायचं त्यातल्या काहींच्या नावापुढच्या रेघा मी दुपारीच भरून आले होते. अर्थात बोलले नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

दुसरी बैठक. फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. इन्स्टाग्राम. पडद्यावर गाण्यांचे शब्द. बाकांना गाद्या. चांगली कॉफी (ही चिठ्ठी तिघांनी लिहिली होती).

आमच्यातल्या सगळ्यात तरुण मुलाने फ्युर्टचा दाखला दिला. २०२३च्या जूनमध्ये तिथल्या सेंट पॉल चर्चमध्ये चॅट-जीपीटीने रचलेली उपासना झाली होती, चाळीस मिनिटांची. पडद्यावरच्या बाहुल्यांनी प्रवचन केलं, प्रार्थना म्हटली, आशीर्वाद दिला. तीनशेच्या वर लोक आले. मग कुणीतरी हायडेलबर्गचा विषय काढला. तिथल्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये १२ मे २०२४ला टेलर स्विफ्टच्या गाण्यांवर उपासना ठेवली, दोन खेपांत मिळून बाराशेच्या आसपास माणसं, त्यात पोरीसोरी जास्त. फोटोत चर्च गच्च भरलेलं दिसतं.

मला दोन्ही गोष्टी सारख्या वाटत नाहीत. हायडेलबर्गच्या पाळकाने पोरींच्या ओठांवरची गाणी घेतली आणि त्यांतून देवाविषयी बोलला. हे आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांनी टाळ-मृदंग घेऊन केलंच होतं. फ्युर्टला लोक यंत्र पाहायला गेले. पुढच्या रविवारी यंत्र नसताना का येतील?

आमच्या पाळकबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, “गेल्या आठवड्यात मी चार अंत्यविधी केले. प्रत्येक ठिकाणी तीस-चाळीस माणसं होती आणि सगळी लक्ष देऊन ऐकत होती. त्यांना कॉफी मिळाली नव्हती.” कुणी हसलं नाही. जर्मन बैठकीत विनोद कळायला वेळ लागतो, की तो विनोद नव्हता, मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज फेस्परकिर्शेत वाढायला गेले. शहराच्या मध्यभागी लिओनहार्ड चर्च आहे, पाठीमागच्या गल्ल्यांत लाल दिव्यांची वस्ती. १९९५मध्ये मार्टिन फ्रिट्स नावाच्या पाळकाने ठरवलं की थंडीचे सात आठवडे हे चर्च गरिबांसाठी उघडं ठेवायचं, आत टेबलं मांडायची आणि गरम जेवण द्यायचं. तेव्हापासून दर हिवाळ्यात चालू आहे. व्युर्टेम्बर्गात आता तीसहून जास्त गावांनी हा प्रकार उचलला.

बाहेरून ऐकलं की वाटतं अन्नछत्र. आत गेल्यावर वेगळं दिसतं. एका कोपऱ्यात डॉक्टर, एका कोपऱ्यात केस कापणारी बाई. कुत्र्यांसाठीसुद्धा ठरलेल्या दिवशी जनावरांचे डॉक्टर येतात, कारण रस्त्यावर राहणारा माणूस स्वतःचं दुखणं अंगावर काढेल, कुत्र्याचं काढणार नाही. जाताना हातात पावाची पुडी. रविवारी संध्याकाळी गाण्याचे कार्यक्रम. याच चर्चमध्ये योहानेस रॉयश्लिन पुरलेला आहे. ज्यूंची पुस्तकं जाळायची टूम निघाली तेव्हा हा पंडित ठामपणे आडवा आला होता. त्याच्या थडग्याजवळ आज एक आजोबा मसूर आणि नूडल्स खात होते, सोबत सॉसेज. मसूर-नूडल्स हे इथलं पिठलं-भाकरी.

मला दिलेलं काम सोपं: ताटं न्यायची, रिकामी आणायची, आणि मध्ये वेळ मिळाला तर बसायचं. बसायचं हेही काम आहे, हे सुरुवातीला सांगतात. मला तेच अवघड गेलं. पंगतीत वाढणाऱ्याने बसायचं नसतं हे हाडात मुरलेलं.

ज्यांच्या शेजारी बसले त्या बाई पूर्वी कापडाच्या दुकानात होत्या. पेन्शन तुटपुंजी. घर आहे, पण घरात एकटं जेवायचा कंटाळा येतो म्हणाल्या. पलीकडे कोट घातलेले एक गृहस्थ, बहुधा बँकेतले, पूर्ण किंमत मोजून जेवत होते. तेही चालतं, उलट हवंच असतं, नाहीतर ती निव्वळ गरिबांची खानावळ होईल. सगळ्यांना ताट तेच, चमचे तेच. कुणी कुणाला ‘तुम्ही सभासद का’ विचारत नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. एकदाही नाही.

दुपारनंतर मधूनच पुढे एक पाळक उभा राहिला, चार-पाच मिनिटं बोलला, प्रार्थना केली. काही जण जेवतच राहिले, काहींनी काटे खाली ठेवले. ज्यांनी ठेवले त्यांच्यात एक कुत्रेवाला होता. सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होता, पण प्रार्थनेला उभा राहिला. नंतर मला म्हणाला, “तू नवी आहेस. ताटं अशी नाही रचायची,” आणि उठून दाखवली. पुढचा तासभर तो आणि मी मिळून ताटं रचत होतो. वाढणारा कोण आणि जेवणारा कोण, हे बाहेरून आलेल्याला सांगता आलं नसतं.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या उपासनेला नेहमीची पंचवीसेक डोकी. ऑर्गन उत्तम, प्रवचन उत्तम, प्रत्येक जण आपापल्या ठरलेल्या बाकावर, मधल्या पाच रांगा मोकळ्या.

दुपारी आईला फोन. नगरला तेव्हा चहाची वेळ. कालचं सगळं सांगितलं.

“मग तिथे अर्पणाची थैली कोण फिरवतं गं?”

“फिरवतात, पण खरे पैसे सरकार कापून देतं.”

“सरकार?” ती बराच वेळ हसली. “आणि मग कोण आलं, कोण नाही आलं, हे कोण बघतं?”

“कुणीच नाही.”

“मग कशाचं चर्च!”

आमच्याकडे कापणीच्या सणाला कुणी बाजरीचं पोतं आणायचं, कुणी कोंबडी, कुणी नुसती मेथीची जुडी. नंतर लिलाव. दहा रुपयांच्या नारळाला पाचशेची बोली लागायची, आणि घेणारा तोच नारळ पुन्हा लिलावाला परत द्यायचा. आजोबा हिशेब लिहायला बसायचे. गैरहजर घराची चौकशी तिथल्या तिथे व्हायची, जरा जास्तच व्हायची. नगरच्या मंडळ्यांकडे छप्पर गळलं तर पत्रे घालायला पैसे नसतात. इथे घंटेच्या दुरुस्तीला निधी आहे, पण रविवारी ती ऐकून यायला कोणी नाही.

सकाळी हातमोजे बाकावर राहिले म्हणून तीनच्या सुमारास पुन्हा गेले. दार उघडं, आतून ढोल. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी दुपारी घानाच्या लोकांची मंडळी भाड्याने उपासना करते हे मला माहीत होतं. समितीच्या कागदावर ते ‘उत्पन्न: जागाभाडं’ या शीर्षकाखाली येतं. पाहिलं मात्र कधी नव्हतं. मधल्या पाच रांगाच काय, गॅलरीतसुद्धा माणसं. पोरं बाकांखालून रांगत होती. बायकांचे डोक्याला बांधलेले रुमाल असे कडक आणि उंच की मागच्याला वेदी दिसू नये.

आणि पुढे पांढऱ्या शर्टात प्रवचन करत होता आमच्या गोदामातला माणूस. त्याचा पगार मी दर महिन्याला काढते. त्याच्या नावापुढे दोन रेघा आहेत.

त्याची मंडळी कर घेणाऱ्या चर्चमध्ये मोडत नाही, म्हणून रेघा. एवढंच कारण. इतकी वर्षं मी त्या रेघांना ‘गेलेले’ समजत होते, निदान ‘नसलेले’. हातमोजे घेऊन निघणार तोवर एका बाईने हाताला धरून बसवलं. उठले तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज संसदेची निवडणूक. मतदान केंद्र आमच्या मंडळीच्या सभागृहात. सकाळपासून रांग. वर्षभरात उपासनेला येतात त्याहून जास्त माणसं आज एका दिवसात आमच्या दारातून आत आली आणि बाहेर गेली. पालकांच्या गटाने अंगणात केक विकले आणि संध्याकाळच्या आत संपवले. एका तरुण जोडप्याने विचारलं, “एरवी इथे काय चालतं?” ती दोघं समोरच्याच इमारतीत राहतात.

१६ मार्च, रविवार

म्युनिकला मैत्रिणीकडे निघाले होते. वाटेत ऑग्सबुर्गच्या अलीकडे, ए-८ महामार्गावर आडेल्सरीडला थांबायचं मीच ठरवलं होतं. हे जर्मनीतलं पहिलं महामार्ग-चर्च, १९५८चं. ऑग्सबुर्गच्या एका कागद-कारखानदाराने बांधून दिलं. तेव्हा मोटारी वाढत होत्या आणि अपघातही. आता देशभरात अशी चाळीसच्या वर आहेत. पेट्रोल पंप, हॉटेल, ट्रकचा तळ, आणि पलीकडे चर्च. हायवेवर चर्चच्या पाट्याही लागतात. पश्चिमेला विल्न्सडॉर्फला २०१३मध्ये बांधलेलं एक तर बाहेरून थेट त्या पाटीवरच्या चित्रासारखंच दिसतं, पांढरं, कोनाकोनाचं.

आत दोनच माणसं होती. एक ट्रकवाला, बहुधा पोलिश, मेणबत्ती लावून गेला. दाराजवळ वही होती, लोक आपापलं मागणं लिहून जातात. मी चाळली. लहान मुलाच्या अक्षरात आजीसाठी प्रार्थना, त्याखाली कुणीतरी फक्त तारीख आणि गाडीचा नंबर. कित्येक भाषांतलं मला वाचता आलं नाही. यातला एकही माणूस कुणाच्या यादीत ‘आला’ म्हणून धरला जात नाही. दार उघडं असतं, कुणी विचारत नाही, कुणी थांबवतही नाही. चर्चकडून काही माणसांना एवढंच हवं असतं, दहा मिनिटं आणि एक मेणबत्ती, हे मान्य करायला आमच्या समितीला जड जाईल. मलाही थोडं जातंच. आईच्या ‘कोण आलं हे कोण बघतं’चं काय करायचं?

२७ मार्च, गुरुवार

दोन्ही चर्चनी आज गेल्या वर्षाचे आकडे जाहीर केले. २०२४ मध्ये ३,२१,६११ जणांनी कॅथलिक चर्च सोडलं, सुमारे ३,४५,००० जणांनी प्रोटेस्टंट. प्रोटेस्टंटांत वारलेल्यांची संख्याही जवळजवळ तेवढीच. सभासद उरले कॅथलिक १ कोटी ९८ लाखांच्या आसपास, प्रोटेस्टंट १ कोटी ८० लाखांच्या आत. एकेकाळी जवळपास सगळा देश. आता दोन्ही मिळून निम्म्याहून कमी. २०२२ मध्ये एकट्या कॅथलिक चर्चमधून ५ लाख २२ हजारांवर माणसं बाहेर पडली होती, त्या मानाने यंदा बरं म्हणायचं. पैसा मात्र अजून येतो. कराचे दोन्हींना मिळून बारा अब्ज युरोंच्या वर मिळतात.

ऑफिसच्या स्वयंपाकघरात यावर चर्चा. एक सहकारी म्हणाली, “सगळे म्हणतात कर वाचवायला सोडलं. मी कर पंचवीस वर्षं भरला. तो अहवाल वाचला आणि दुसऱ्या दिवशी गेले.” कुठला अहवाल हे विचारावं लागलं नाही. २०१८मध्ये कॅथलिक चर्चच्या फाइलींतून लैंगिक अत्याचार झालेली ३,६७७ मुलं आणि ते केल्याचा आरोप असलेले १,६७० धर्मगुरू निघाले. प्रोटेस्टंट म्हणायचे, आमच्याकडे ब्रह्मचर्य नाही, आमचं तसं नसेल. २०२४च्या जानेवारीत त्यांचाही आला: किमान २,२२५ पीडित, १,२५९ संशयित, आणि सगळ्या फाइली तपासल्याच गेल्या नव्हत्या. पोहोचण्याच्या गोष्टी करणाऱ्या माझ्या समितीच्या फळ्यावर यावर एकही चिठ्ठी नाही. बाकांच्या गाद्यांवर आहे. पुढच्या बैठकीत मी लावणार. ‘मुलांना इथे कोण सांभाळतं, आणि तक्रार कुणाकडे करायची, हे दारावर लिहा.’ आमच्या मंडळीत त्यासाठी नेमलेली माणसं आहेत, प्रशिक्षण झालेली. पण त्यांची नावं कपाटातल्या फाइलीत आहेत.

आणखी एक आकडा मला सतावतो. २०२३च्या मोठ्या पाहणीत ९६ टक्के कॅथलिक आणि ८० टक्के प्रोटेस्टंट म्हणाले की टिकायचं तर आपल्या चर्चने मुळातून बदललं पाहिजे. म्हणजे आत असलेलेच हे म्हणतात. मग अडवतं कोण?

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे पाचला अंधारात उपासना, बाहेर होळी पेटवून तिच्यावर मोठी मेणबत्ती लावतात, मग आत. त्यानंतर सभागृहात न्याहारी: उकडलेली रंगीत अंडी, गोड पाव, लोणी.

यंदा मी हट्टाने तीन वाजताच्या मंडळीला न्याहारीचं आमंत्रण दिलं. समितीत आधी ‘खुर्च्या पुरतील का’वर वीस मिनिटं गेली. त्यांची सत्तरेक माणसं आली, बरोबर मोठाली पातेली: टोमॅटोतला लाल भात, तळलेली केळी, मिरचीचं वाटण. सकाळी सातला. आमच्या ज्येष्ठ बायका आधी पातेल्यांकडे पाहत राहिल्या. फ्राउ ब. नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत, युद्धानंतरचा उपासमारीचा हिवाळा त्यांनी पाहिलाय. त्यांनी पहिली बशी भरून घेतली आणि पुन्हा रांगेत लागल्या. मग सगळे उठले.

गोड संपलं आणि कडूही झालं. त्यांचे वडीलधारे, ज्यांना सगळे एल्डर म्हणतात, सौम्यपणे म्हणाले, “आम्ही अकरा वर्षं भाडं देतो. आत बोलावलंत ते आज.” आमच्या पाळकबाईंनी मान खाली घातली नाही, टाळलंही नाही. “हो,” म्हणाल्या. गोदामातले आमचे प्रवचनकार मला पाहून चमकले. ऑफिसात ते मला ‘मॅडम’ म्हणतात. इथे ‘सिस्टर’ म्हणाले आणि लगेच ताट हातात दिलं.

२ मे, शुक्रवार. हॅनोव्हर

किर्शेनटागला आले आहे, प्रोटेस्टंटांचा दर दोन वर्षांनी भरणारा मेळावा. १९४९मध्ये राइनोल्ड फॉन थाडेन यांनी तो याच गावात सुरू केला. पाळकांचा नव्हे, सामान्य सभासदांचा मेळावा, हे त्याचं तेव्हापासूनचं वैशिष्ट्य. बुधवारी संध्याकाळी सगळं शहर रस्त्यावर. पितळी वाद्यांची पथकं, पुठ्ठ्याची घडीची स्टुलं काखेत घेऊन फिरणारी माणसं, सभागृहांच्या दारांत ‘जागा भरली’च्या पाट्या धरून उभी राहिलेली स्काउटची मुलं. चर्चच्या दारात ‘जागा भरली’! कधी वाटलं नव्हतं.

हरिगावच्या मतमाउलीच्या यात्रेत पाहिलेली गंमत इथे सापडली. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या त्या गावात माणसांचा पूर लोटतो, त्यात ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ, आणि गावच्या चर्चला एरवीच्या रविवारी तीच ठरलेली घरं. यात्रेला येणाऱ्याला रविवारी ये म्हणून भागत नाही. तो दुसरा माणूस असतो. निदान त्या दिवशी तरी. इथल्या वक्त्यांनाही हेच उमगत नाही. प्रत्येक चर्चासत्रात प्रश्न तोच: ही गर्दी परत घरी गेल्यावर बाकांवर कशी आणायची?

भुकेने व्याकूळ होऊन एका तंबूत शिरले. तिथे चाकाच्या खुर्चीतली माणसं, सोबतची माणसं, एक गायनगट. कुणीतरी गाण्याचा कागद हातात दिला आणि म्हणालं, “आल्टो कमी आहेत.” मी गात बसले. दुपारची सगळी चर्चासत्रं चुकली.

९ मे, शुक्रवार

रेव्हरंड टिळकांचा स्मृतिदिन, १९१९. घरून आणलेल्या पुस्तकांत त्यांच्याविषयी पुन्हा वाचत होते. कोकणातल्या करजगावचा हा कवी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन नगरच्या मिशनमध्ये आला. अमेरिकन मिशनच्या उपासनेत तोवर बहुतेक इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं गायली जात. टिळकांनी अभंग दिले, ओव्या दिल्या, ख्रिस्ती कीर्तनं केली. माझे पणजोबा अक्षरशत्रू होते, पण त्यांना टिळकांची पदं पाठ होती.

मला आज खिळवून ठेवलं ते शेवटच्या पर्वाने. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांचं बंधुमंडळ, बाप्तिस्मा झालेल्यांचं आणि न झालेल्यांचंही. नोंदवहीत नाव आहे की नाही, याला तिथे महत्त्व नव्हतं. मिशनच्या लोकांना हे सगळं पचलं असेल असं नाही. यादी नाही म्हटलं की अहवाल कसा लिहायचा? दोन वर्षांत टिळक गेले, दरबार त्यांच्याबरोबर विरला.

पगार काढणारी बाई म्हणून मला दुसरी बाजूही दिसते. फेस्परकिर्शेतल्या समाजसेवकांचा पगार, आमच्या पाळकबाईंचा पगार, ईस्टरच्या सभागृहाची हीटिंग, हे सगळं त्या दोन अक्षरांतून येतं. जे कधी येत नाहीत त्यांनी भरलेल्या पैशांवर न भरणाऱ्यांचं जेवण शिजतं. ही व्यवस्था मला हास्यास्पद वाटते आणि तरी तिच्याइतकं उदार दुसरं काही चटकन आठवत नाही. ऑफिसातल्या ज्या माणसाने पाव शतक चर्चचं तोंड पाहिलं नाही त्याचे ४० युरो कुत्रेवाल्याच्या ताटापर्यंत पोहोचत होते. त्याला हे कुणी कधी सांगितलंच नाही. मंडळीची पत्रिका त्याच्या पेटीत पडते, तिच्यात ऑर्गनच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक असतं.

२५ मे, रविवार

२५.५.२५. तारीख जुळली म्हणून देशभरातल्या अनेक मंडळ्यांनी आज ‘साधेपणाने लग्न’ ठेवलं: सरकारी नोंदणी झालेली असेल तर या, पाळक तयार आहे, फुलं तयार आहेत, अर्ध्या तासात आशीर्वाद घेऊन जा. आमच्या अंगणातही. लग्नाला तीस वर्षं झालेली एक जोडी आली, दोन आया आपल्या मुलीला घेऊन आल्या, आणि निवडणुकीच्या दिवशी ‘इथे काय चालतं’ विचारणारं समोरच्या इमारतीतलं जोडपं आलं, धावतपळत, केस ओले. लग्नाला दोन वर्षं झालेली होती. लाखभर युरोंचं लग्न परवडत नाही म्हणून चर्चला विचारलंच नव्हतं म्हणाले. पाळकबाई थक्क. चर्चचं लग्न म्हणजे दोनशे पाहुणे आणि घोडागाडी, ही समजूत बाहेर इतकी घट्ट बसली आहे हे आत बसून कळत नाही.

१७ जून, मंगळवार

शेवटची बैठक, अहवालासाठी. कॉफी मंजूर. इन्स्टाग्राम त्या तरुण मुलाकडे. तक्रार कुणाकडे करायची त्याची पाटी दारावर लागली, शुक्रवारीच. गाद्या नामंजूर, हीटिंगचं बिल पाहून.

माझा प्रस्ताव: ऑक्टोबरपासून दर शुक्रवारी संध्याकाळी सभागृहात जेवण. स्वयंपाक दोन्ही मंडळ्यांनी आलटून-पालटून. कुणीही यावं, कुणाचंही नाव लिहून घ्यायचं नाही. आणि तीन वाजताच्या मंडळीचं भाडं माफ.

शेवटच्या वाक्यावर खजिनदार उभे राहिले. सज्जन माणूस, तीस वर्षं मंडळीचे हिशेब पाहिलेत. भाडं माफ केलं तर उत्पन्नात खड्डा, आणि हिशेब तपासणारे विचारणार, ही माणसं आमची सभासद आहेत का? सभासद नाहीत हे खरंच आहे. तासभर घासाघीस. पाळकबाईंनी एल्डरना बैठकीत बोलावलं होतं. ते म्हणाले, भाडं माफ नको, दानाचं ओझं होतं. भाडं देऊ, पण आमचा एक माणूस या समितीत बसेल आणि त्याला मत असेल. खजिनदारांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, हे नियमात बसतं की नाही ते वरून विचारावं लागेल. पण विचारतो म्हणाले.

नोव्हेंबरच्या ३० तारखेला मंडळीच्या पंचांची निवडणूक आहे, चौदा वर्षांवरचा प्रत्येक सभासद मत देऊ शकतो. मला उभी राहा म्हणतात. आईला विचारलं. ती म्हणाली, “उभी राहा, पण आधी जेवणाचं बघ. निवडून आलीस की नुसत्या बैठका.”

भाड्याचा निर्णय पुढे ढकलला. जेवण मंजूर, एका हिवाळ्यापुरतं. पहिल्या शुक्रवारचा लाल भात तीन वाजताच्या मंडळीकडे, दुसऱ्याचा मसूर फ्राउ ब. यांच्याकडे, तिसऱ्याला मी आमटी-भात म्हटलंय, मिरची बेताने. बटाटे सोलायला सहा जण आहेत, वाढायला नऊ. भांडी घासायच्या कागदावर अजून कुणी नाव घातलेलं नाही.